घरातल्या अटाल्यातून तांबं, पितळ आणि सोनंसुद्धा: ॲसिड न ओतता, काही न जाळता सुरुवात कशी करायची

आपण ज्याला भंगार म्हणतो त्याला इकडे इंदूरला अटाला म्हणतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे निघतं, जुना मिक्सर, चार्जरचा गुंता, बंद पडलेले तीन मोबाईल, गळका नळ, ते सगळं अटालेवाल्याला किलोच्या एकाच भावात देऊन आपण मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मग सोसायटीच्या गणपतीत मांडवाच्या बाजूला एक खोकं ठेवलं, "बंद पडलेली इलेक्ट्रिक वस्तू इथे टाका", आणि दहा दिवसांत इतकं जमलं की पार्किंगचा एक कोपरा भरला. तेव्हापासून हे काम करतेय आणि नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई, मोबाईलमधून सोनं कसं काढायचं?

सोनं असतं, खरंच असतं. दहा लाख मोबाईलमधून साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम (सोन्यासारखाच एक मौल्यवान धातू) आणि १६ हजार किलोच्या आसपास तांबं निघतं. पण याला दहा लाखांनी भागून बघा, एका फोनमध्ये ०.०३४ ग्रॅम सोनं. म्हणजे एक ग्रॅमसाठी तीसेक फोन, तेही कारखान्याइतकं नीट काढता आलं तर. तुमच्या-माझ्यासारख्याची कमाई सोनं काढण्यात नाहीये, नीट वेगळं करण्यात आहे, कारण मिसळलेल्या पोत्याला सगळ्यात स्वस्त मालाचा भाव मिळतो आणि तेच पोतं पाच ढिगांत गेलं की प्रत्येकाला आपापला भाव मिळतो. पर्यावरणाचं भलंही तिथेच होतं. आपल्या मध्य प्रदेशातच बालाघाटला मलाजखंडची तांब्याची खाण आहे, तिथे शंभर किलो दगड फोडला तर साधारण किलोभर तांबं हाती लागतं आणि आपल्या माळ्यावरच्या वायरीच्या गुंडाळीत ते जवळजवळ शुद्ध पडलेलं असतं. ॲल्युमिनियम तर पुन्हा वितळवून वापरलं की नवीन बनवण्याच्या मानाने ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. आणि तरी २०२२ साली जगात जो ६.२ कोटी टन ई-कचरा झाला त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

पायरी १: जागा आणि सामान

स्वयंपाकघर नको, बेडरूम नको. गच्ची, घराबाहेरचा ओटा, पार्किंगचा कोपरा, जिथे हवा खेळती आहे आणि लहान मुलं येत नाहीत अशी जागा. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्याची धूळ हाताला लागते आणि तोच हात पोह्यांना लागतो, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. जागा झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही.

सामान फार लागत नाही. एक चुंबक (जुन्या स्पीकरमधला काढला तरी चालतो), एक छोटी कानस, पेचकसचा सेट ज्यात मोबाईलचे बारीक बिट पण आहेत, पक्कड, वायर सोलायचं हत्यार, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. काट्यावर कंजूषी करू नका, पुढे सगळा हिशोब त्याच्यावर आहे. पोत्यांवर मार्करने नाव लिहायचं, नाहीतर महिन्याभराने कोणत्या पोत्यात काय हे तुम्हालाच आठवत नाही.

पायरी २: आधी बघा, चालतंय का

ही पायरी लोक विसरतात. कॉम्प्युटरची चालू असलेली रॅम (मेमरीची पट्टी) रॅम म्हणूनच विकली तर तिच्यावरच्या सोन्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात, आणि दुरुस्त झालेला पंखा अजून दहा वर्षं फिरला तर त्यापेक्षा चांगलं रिसायकलिंग कुठलं? आपल्याकडे महाराणी रोड आहे, जेल रोडला मोबाईलवाले आहेत, जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते आधी तिथे दाखवा.

मोबाईल आणि कॉम्प्युटर घेताना ज्याचा आहे त्यालाच समोर बसवून अकाउंटमधून लॉगआउट करून रीसेट करायला लावायचं, सिम आणि मेमरी कार्ड त्याच्या हातात द्यायचं. फोन सुरूच होत नसेल तर त्यावर पट्टी लावून "डेटा आहे" लिहायचं आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच (तो कसा ओळखायचा ते पायरी ८ मध्ये) जाईल हे बघायचं, वाटेत कोणाला विकायचा नाही. लोकांनी फोटो आणि बँकेचे मेसेज विश्वासाने तुमच्या हातात दिलेले असतात.

पायरी ३: या वस्तू उघडायच्याच नाहीत

मायक्रोवेव्ह. प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, त्याने माणूस जातो. शिवाय काही मॅग्नेट्रॉनच्या (मायक्रोवेव्हच्या लहरी तयार करणाऱ्या भागाच्या) चिनी मातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, त्याची पूड फुफ्फुसात गेली तर कायमचा आजार. आत तांबं कितीही असो, अख्खा द्या.

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, त्याच्या काचेत शिसं असतं आणि ट्यूब फुटली तर काचा उडतात. फ्रिज आणि एसी, त्यातला गॅस मेकॅनिकने मशीनने काढल्याशिवाय पाइप कापायचा नाही, तो हवेत सोडणं म्हणजे केलेल्या सगळ्या चांगल्या कामावर पाणी. ट्यूबलाइट आणि सीएफएल, आत पारा. इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाचं ॲसिड असतं, ती नवीन बॅटरी घेताना दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण जुनीचे पैसे वजा करतात. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पण शिकेपर्यंत बंदच ठेवा, आपल्या २३० व्होल्टचे आत ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात.

लिथियमच्या बॅटऱ्यांबद्दल वेगळं सांगते, कारण मला त्याचा धडा मिळालाय. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली एका पोत्यात दहा-बारा फोन तसेच टाकून ठेवले होते, दुपारी त्यातून धूर यायला लागला, एक फुगलेली बॅटरी दाबली गेली होती. शेजारच्या काकांनी वेळेवर बघितलं म्हणून पोतं ओढून मोकळ्या मैदानात नेता आलं. तेव्हापासून नियम असा, सहज निघणारी बॅटरी असेल तर काढायची, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावायची, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात सावलीत ठेवायची. फुगलेली असेल तर तिचा वेगळा डबा आणि त्याच आठवड्यात रवानगी. चिकटवलेली बॅटरी पेचकसने उचकटायची नाही, फोन तसाच द्यायचा.

पायरी ४: धातू ओळखायला शिका

इथे वेळ घालवा, घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

आधी चुंबक. चिकटलं तर लोखंड, मग वरून कितीही पिवळं किंवा चकचकीत दिसो, पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी शोपीस मी डझनांनी बघितलेत. स्टीलच्या चांगल्या भांड्यांना चुंबक चिकटत नाही किंवा अगदी हलकं चिकटतं, त्यामुळे चिकटलं नाही म्हणजे महाग धातू असं लगेच धरू नका.

मग कानस. न दिसणाऱ्या जागी दोन हात मारायचे आणि आतला रंग बघायचा, लाल तर तांबं, पिवळा तर पितळ, पांढरा आणि हलका तर ॲल्युमिनियम, पांढरा, जड आणि नखाने ओरखडा उठेल इतका मऊ तर शिसं. नळ वरून क्रोमने पांढरे असतात आणि आत पितळ निघतं, तिथे कानस दोन सेकंदांत भाव बदलून देते.

वायरीत फसायला होतं. मला हे आमच्या अटालेवाल्या भियाने (इंदुरी भैयाने) शिकवलं. मी मोठ्या हौसेने एक लाल गुंडाळी त्याच्यासमोर ठेवली, त्याने एक तार घेतली, चाकूने खरवडली आणि म्हणाला, "दीदी, ये तांबा नहीं है, ऊपर से लाल है बस." आत पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. स्वस्त नेटवर्क केबल आणि स्पीकरच्या वायरीत हे खूप असतं. मोटरच्या वाइंडिंगचंही तसंच, वरचं वार्निश लाल असतं आणि आत ॲल्युमिनियम निघतं, म्हणून नेहमी तार कापून टोक बघायचं, नुसत्या रंगावर जायचं नाही.

आणि जिथे कानशीनेही शंका उरते तिथे पाणी. हा प्रयोग घरी करून बघा, मला अजूनही करताना छान वाटतं. समजा एक नळ आहे, रबर-प्लास्टिक काढून तो कोरडा तोलला, ४२५ ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, नळ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही, हातात धरून ठेवायचा, आणि आतले हवेचे बुडबुडे हलवून बाहेर काढायचे. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या ग्रॅमचं पाणी नळाने बाजूला सारलं. ५० दाखवलं तर ४२५ भागिले ५०, म्हणजे साडेआठ, पाण्याच्या साडेआठ पट जड, हे पितळ. ६४ दाखवलं तर उत्तर साधारण ६.६ येतं, म्हणजे तो जस्ताचा ओतीव नळ आहे, पितळ नाही. ॲल्युमिनियम २.७, लोखंड ७.९, तांबं ८.९ ते ९, शिसं ११.३, एवढे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. दोन-तीन धातू जोडलेली वस्तू असेल तर उत्तर मधलंच काहीतरी येतं, ती आधी सुटी करायला लागते.

पायरी ५: वायर सोलायची, जाळायची नाही

वायर जाळली की पाच मिनिटांत तांबं मोकळं होतं हे सगळ्यांना माहितीये, म्हणून शहराबाहेर तो काळा धूर दिसतो. वायरीवरचं प्लास्टिक पीव्हीसी असतं, त्यात क्लोरीन, जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात, आणि डायॉक्सिन मातीत, चाऱ्यात, दुधात उतरतं आणि वर्षानुवर्षं जात नाही. एवढं करून तांबंही काळं पडतं आणि भाव उतरतो. त्यामुळे "थोडीशीच आहे" म्हणूनही जाळायची नाही.

सोलायची कुठली आणि तशीच द्यायची कुठली हे हिशोबाने ठरवा. घरातल्या अडीच एमएमच्या (म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ अडीच चौरस एमएम) वायरीत एक मीटरला साधारण २२ ग्रॅम तांबं असतं, एक एमएमच्या वायरीत ९ ग्रॅम. एक मीटर कापा, तोला, सोला, तांबं तोला. समजा वायर ३२ ग्रॅमची आणि तांबं २२ निघालं, तर शंभर किलोत जवळपास एकोणसत्तर किलो. आता सोललेल्या तांब्याचा भाव गुणिले ०.६९ करा आणि न सोललेल्या वायरीचा भाव त्याच्याशेजारी ठेवा. फरक तुमच्या मेहनतीला परवडला तर सोला, नाहीतर तशीच द्या, मोठ्या प्लांटमध्ये वायरीचा चुरा करून प्लास्टिक आणि तांबं आपोआप वेगळं होतं. माझ्या अनुभवाने जाड वायर सोलायची आणि चार्जर, इअरफोनच्या बारीक वायरी आयुष्यात सोलायच्या नाहीत.

पायरी ६: बोर्ड अख्खे ठेवा

हिरवे-तपकिरी सर्किट बोर्ड बघून हात शिवशिवतात, पण त्यावरचे भाग गरम करून उपटायचे नाहीत, शिसं असलेला विषारी धूर नाकात जातो आणि उपटलेल्या बोर्डाला भावही कमी येतो. फक्त ढीग करा: मोबाईलचे बोर्ड एक, कॉम्प्युटरचे मदरबोर्ड एक, रॅम आणि प्रोसेसर एक (हे सगळ्यात किमती, कागदात गुंडाळून ठेवा), आणि टीव्ही, चार्जर, पॉवर सप्लायचे तपकिरी हलके बोर्ड एक. ओलावा लागू द्यायचा नाही. बस.

पायरी ७: सोन्याचं काय

लहानपणी सराफ्यात भल्या पहाटे दुकानांसमोरची धूळ गोळा करणारी माणसं बघितलीयेत, त्यांना इकडे न्यारिये म्हणतात, आपल्या मराठीत झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन, पाखडून त्यातला सोन्याचा कण शोधायचा. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, आपल्याकडे रिसायकलिंग हा शब्द नव्हता तेव्हापासून ते हे करतायत. पण सोनाराच्या केरात सोनं हे सोन्याच्या कणाच्या रूपात असतं. बोर्डावर ते मायक्रॉनच्या काही भागाइतका पातळ मुलामा असतं, खाली निकेल, त्याखाली तांबं, आजूबाजूला शिसं, कथील आणि आग प्रतिबंधक रसायनं, म्हणून धुऊन-पाखडून हाती काही लागत नाही आणि लोक ॲसिडकडे वळतात.

व्हिडिओत सोपं दिसतं. नायट्रिक ॲसिड ओतलं की तपकिरी वाफ येते, ती नायट्रोजन डायऑक्साइड, श्वासात गेली तर त्या वेळी नुसता खोकला येतो आणि कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं. उरलेल्या ॲसिडात विरघळलेलं तांबं, शिसं, निकेल असतं, ते कुठे ओतणार? नाल्यात. इंदूरचा नाला कान्ह नदीला मिळतो, कान्ह उज्जैनजवळ शिप्रेला, आणि त्याच शिप्रेत आपली आजी, मावशी सिंहस्थात डुबकी मारतात. एवढं करून हाती लागतो सोन्याचा काही भाग, पॅलेडियम आणि बाकीचं बरंचसं त्या ॲसिडाबरोबर वाहून जातं.

मोठ्या प्रक्रियेत काय होतं ते सांगते म्हणजे फरक लक्षात येईल. बोर्ड तांब्याच्या भट्टीत जातात, वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं, मग विजेने तांबं शुद्ध करताना तळाशी गाळ बसतो आणि त्यातून एकेक मौल्यवान धातू काढतात. धूर झपाट्याने थंड करून गाळतात, म्हणजे डायॉक्सिन पुन्हा तयार व्हायला वेळच मिळत नाही. टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं अशाच गोळा केलेल्या मालातून झाली, एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत जपानच्या लोकांनी ७८,९८५ टन छोट्या वस्तू आणि ६२ लाख १० हजार मोबाईल दिले, त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ निघालं. घरोघरच्या माणसांनी फक्त खोक्यात वस्तू टाकल्या होत्या, आपलं कामही तेवढंच आहे, खोकं नीट भरणं.

पायरी ८: कोणाला द्यायचं

साधा धातू, म्हणजे नळ, भांड्यांची मोड, खिडकीचं ॲल्युमिनियम, सोललेलं तांबं, हे तुमच्या अटालेवाल्याला किंवा धातूच्या व्यापाऱ्याला. अटालेवाल्याला बाजूला सारू नका, त्याच्या हाताला जे कळतं ते तुम्हाला दोन वर्षं लागतील. त्याच्याशी सरळ बोला, "भिया, मी वेगळं करून देते, तू वेगळ्या भावाने घे."

इलेक्ट्रॉनिक माल मात्र नोंदणीकृत रिसायकलरलाच. १ एप्रिल २०२३ पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू आहेत, रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर स्वतः बघा, नुसत्या व्हिजिटिंग कार्डवरच्या हिरव्या पानावर विश्वास ठेवू नका. मी सुरुवातीला एकाला पोतंभर बोर्ड आणि वायर दिली, पावती मागितली तर "बाद में" म्हणाला, आणि नंतर कळलं की त्याच्या गोदामामागेच वायरी जळत होत्या. पावती देत नाही त्याला माल नाही, भाव जास्त देत असला तरी नाही.

आणि तुम्ही घरचं, सोसायटीचं गोळा करून देणं वेगळं, धंदा म्हणून ई-कचरा फोडून धातू काढायचा म्हटलं तर परवानग्या लागतात, तिथे पोचलात की आधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयात जाऊन विचारा. महापालिकेच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, सहा प्रकारांत कचरा देण्याची आपल्याला सवय आहेच, ज्याला तुमच्यापर्यंत यायला जमत नाही त्याने तिथे टाकलं तरी उत्तम, पण त्या गाडीतलं काही काढून घ्यायचं नाही.

विकायच्या दिवशी तीन जणांना फोन करून भाव घ्या, त्याच दिवशी, कारण तांब्याचा भाव लंडनच्या बाजाराबरोबर आणि डॉलरबरोबर रोज हलतो. घरी तोलूनच न्या, आणि माल जास्त असेल तर धर्मकाट्याची (गाडीसकट तोलायच्या मोठ्या काट्याची) चिठ्ठी घ्या. एका वहीत तारीख, कोणाकडून आलं, काय, किती किलो, कोणाला दिलं, पावती नंबर एवढं लिहायचं, आणि महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर त्या पानाचा आणि पावतीचा फोटो टाकायचा. आमच्याकडे पहिला फोटो टाकला त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांचा चाळीस वर्षांचा रेडिओ खाली पाठवला, आणि तो उघडायच्या आधी मी महाराणी रोडला घेऊन गेले, सुरू झाला.